नवं शहर बघायचं तर मंगळवारी बघा

मागच्या महिन्यात आपला एकच भाग आला, कारण मी पाच दिवस गावात नव्हते. घर बघायला बंगळुरूला गेले होते. खरं म्हणजे घर बघायला नाही, शहर बघायला. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आजचं सगळं बोलणं त्यावरच आहे.

झालं असं, की मला तिथल्या एका कंपनीतून नोकरी आली. आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात जायचं, दोन दिवस घरून काम. ऑफिस आउटर रिंग रोडवर, बेळ्ळंदूरजवळ. हो की नाही ते महिनाअखेरपर्यंत सांगायचं होतं. पगार चांगला, काम मनासारखं. नाशकात त्या कामाला तेवढे पैसे कुणी देणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण आमच्या घरात चार माणसं. नवऱ्याचं काम लॅपटॉपवरचं, त्याला फक्त चालू इंटरनेट आणि एक बंद होणारं दार लागतं. मुलगी सातवीत. आणि आई, वय वर्षं एकाहत्तर. गेली नऊ वर्षं ती आमच्याकडे आहे. रोज सकाळी पंचवटीत एक फेरी, दुपारी भजनी मंडळ, संध्याकाळी भाजी आणि भाजीवाल्याशी भांडण. तिचा दिवस गच्च भरलेला असतो.

आता बघा, नोकरी माझी. मी सकाळी जाणार, संध्याकाळी येणार, दिवसभर एसीत बसणार. तसलं ऑफिस पुण्यातही तसंच असतं आणि हैदराबादलाही तसंच. मग त्या शहरात खरं राहणार कोण? आई राहणार. मुलगी राहणार. आणि आपण बघायला जातो तेव्हा कुणाचं बघतो? ऑफिस किती लांब, भाडं किती, बास. म्हणून मी घरात सांगून टाकलं, की आई आणि मुलगी माझ्यासोबत येतील. आईने तिथं राहून ‘नको’ म्हटलं तर नोकरी नको. नवऱ्याला हे जरा टोकाचं वाटलं. पण एकाहत्तराव्या वर्षी माणसाला अकराव्या मजल्यावर नेऊन ठेवायचं आणि मग ‘हिला करमत नाही’ म्हणून हळहळायचं, हे मी दोन-तीन घरांत बघितलंय. करमत नाही हे आधीच कळू शकतं. त्यासाठी चार दिवस घालवावे लागतात, एवढंच.

आम्ही मनमाडहून कर्नाटक एक्सप्रेसने गेलो. विमानाने लवकर पोचलो असतो, पण आईला गाडी आवडते आणि मला वाटलं की हे अंतर तिला अंगाने कळावं. रात्रभर जाऊन, दुसऱ्या दिवशी जेवणाची वेळ झाली तरी आपण अजून गाडीतच, हे कळलं की ‘दर महिन्याला येऊन जाऊ’ असली वाक्यं कुणी बोलत नाही. अहिल्यानगर गेलं, सोलापूर गेलं, आणि सकाळी मुलगी खिडकीतून स्टेशनांच्या पाट्यांवरची तिथली लिपी वाचायला लागली तर त्यातलं एकही अक्षर ओळखीचं नाही. ती जरा गप्पच झाली. ते बरंच झालं, कारण शाळेच्या पहिल्या दिवशी गप्प होण्यापेक्षा गाडीत झालेलं बरं.

आम्ही पोचलो शनिवारी. रविवारी रिंग रोडला चक्कर मारायला रिक्षा केली. के. आर. पुरमच्या त्या झुलत्या पुलापासून बेळ्ळंदूरपर्यंत पंचवीस मिनिटं लागली. रस्ता मोकळा, झाडं, हवेत गारवा. बंगळुरू समुद्रसपाटीपासून साधारण ९०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे सप्टेंबरातही तिथं घाम येत नाही. मुलगी म्हणाली, ‘आई, उगाच घाबरवतात सगळे ट्रॅफिकने.’ मी म्हटलं, थांब, मंगळवार येऊ दे.

तर मंडळी, कुठलंही शहर रविवारी बघू नये. रविवारी शहर पाहुण्यांसाठी असतं. सोमवारी लोक जरा उशिरा निघतात, शुक्रवारी बरेचसे घरून काम करतात. मंगळवार, बुधवार, गुरुवार हे खरे दिवस. आयटी कंपन्यांत तर लोकांना ऑफिसात बोलवायचे दिवस बहुतेक हेच. म्हणून परतीचं तिकीट मी मुद्दाम बुधवारी रात्रीचं काढलं होतं. मंगळवारी सकाळी, डबा घेऊन, पर्स लावून, जणू आजपासून नोकरी सुरू झालीय अशी मी निघाले. ऑफिसात माझं काही काम नव्हतं. गेटपर्यंत जायचं, घड्याळ बघायचं आणि परत फिरायचं.

आता कुठून निघाले ते सांगते. तीन मुक्काम, तीन वेगवेगळ्या भागांत, असं ठरवलं होतं. पहिला ऑफिसच्या जवळ, दुसरा मल्लेश्वरमला, तिसरा या दोन्हींच्या अधेमधे. लॉज साधे घेतले. आई म्हणाली, ‘वारीला निघाल्यासारखी पिशवी उचलतेस रोज.’ पण एकाच हॉटेलात राहून तीन भाग कळत नाहीत. रात्री अकरा वाजता रस्त्यावर दिवे असतात का, सकाळी सहाला दूध कुठे मिळतं, शेजारचं बांधकाम कधी सुरू होतं, हे त्या भागात झोपल्याशिवाय कळत नाही.

ऑफिसजवळचं घर आधी सांगते, कारण पहिल्या नजरेला तेच आवडतं. मोठं संकुल, आत बाग, पोहायचा तलाव, फाटकावर चार रखवालदार. ऑफिसला चालत वीस मिनिटं. मला म्हणजे स्वर्गच. फ्लॅट दाखवणारा माणूस छान हिंदी बोलत होता, खिडकीतून तळं दिसतं वगैरे सांगत होता. मी बाथरूममध्ये जाऊन नळ बघितला. नळाच्या तोंडाशी पांढरे खडे साठलेले, शॉवरची निम्मी भोकं बुजलेली. म्हणजे बोअरचं जड पाणी. मग मी विचारलं, कावेरीचं पाणी येतं का? तो म्हणाला, ‘मॅडम, टँकर कभी बंद नहीं होता.’ प्रश्न कावेरीचा आणि उत्तर टँकरचं, यातच सगळं आलं.

हा पाण्याचा विषय जरा नीट सांगते, कारण बंगळुरूला जाणाऱ्या आपल्या लोकांना तो सगळ्यात शेवटी कळतो. या शहराला मोठी नदी नाही. पिण्याचं पाणी कावेरीतून येतं, जवळजवळ शंभर किलोमीटरवरून, आणि तेही उपसून वर चढवावं लागतं. जुन्या शहरात हे नळ कधीचेच आहेत. पण २००७ साली महापालिका मोठी केली तेव्हा कडेची एकशे दहा गावं आत घेतली, आणि आज ज्या भागांत आयटीवाले राहतात त्यातला बराचसा भाग त्या गावांचाच. तिथं इमारती आधी आल्या, नळ मागून. कावेरीच्या पाचव्या टप्प्याचं पाणी त्या गावांसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालं. पण मुख्य वाहिनी सुरू होणं आणि तुमच्या इमारतीने जोडणी घेऊन ते तुमच्या नळाला येणं, यात अंतर असतं. २०२३ला पाऊस कमी झाला आणि २०२४च्या उन्हाळ्यात बोअर आटले, तेव्हा तिथल्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर पाच हजार रुपये दंड लावला होता. टँकरचे दर जिल्हा प्रशासनाला ठरवून द्यावे लागले. मोठमोठ्या संकुलांतली माणसं बादल्या मोजत होती.

म्हणून घर बघताना तिथं एक प्रश्न पाठ करून जा: ‘कावेरी नीरु बरुत्ता?’ म्हणजे कावेरीचं पाणी येतं का. येत असेल तर किती दिवसाआड, आणि संप किती लिटरचा. हा संप शब्द ऐकून आई दचकली. आपल्याकडे संप म्हणजे काम बंद. तिथं संप म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी. घरमालक तिला अभिमानाने सांगतोय, ‘बिग संप, अम्मा, बिग संप,’ आणि आई माझ्याकडे बघतेय, की एवढा मोठा संप आहे तर हा हसतोय काय?

दुसरं, पावसाचं. बंगळुरूला जानेवारीत गेलात तर तुम्ही त्या शहराच्या प्रेमात पडाल आणि सही करून याल. जाऊ नका. सप्टेंबर-ऑक्टोबरात जा. तिथला सगळ्यात जोराचा पाऊस त्या सुमारास पडतो, तोही बहुधा संध्याकाळी, ऑफिस सुटायच्या वेळेला. सप्टेंबर २०२२ मध्ये याच रिंग रोडच्या आसपास एवढं पाणी भरलं होतं की लोकांना ट्रॅक्टरवर बसून ऑफिसला जावं लागलं. कारण साधं आहे. तिथं एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात पाणी नेणारे जुने नाले होते, राजकालुवे म्हणतात त्यांना. ते अरुंद झाले, बुजले, त्यांच्यावर बांधकामं झाली. पाणी आपल्या वाटेने जाणारच. तेव्हा फ्लॅट बघताना वरचं झुंबर बघू नका, खाली पार्किंगमध्ये जा आणि भिंतीवर ओलीची रेघ किती उंचीवर आहे ते बघा. रेघेवरून ताजा रंग मारला असेल तर रखवालदाराला विचारा. रखवालदार खरं सांगतात, कारण पंप त्यांनाच चालवावा लागतो.

तर त्या संकुलात आम्ही दोन रात्री शेजारीच राहिलो आणि सोमवारी दुपारी मी आईला एकटीला सोडलं. म्हणजे मी आणि मुलगी शाळा बघायला गेलो आणि आईला सांगितलं, तू तुझा दिवस घालव. चार तासांनी आलो तर ती लॉजच्या खोलीत बसलेली. खाली उतरली होती म्हणे. फाटकाबाहेर पडली तर फुटपाथच्या फरश्या उचकटलेल्या, खाली गटार, एका जागी फरशीच नाही. तिचा उजवा गुडघा दुखतो. रस्ता ओलांडायला सिग्नल नाही. पंधरा मिनिटं उभी राहिली आणि परत आली. भाजी तिथं सगळे मोबाइलवरून मागवतात. ‘मग मी बाहेर पडायचं कशाला?’ असं तिने मला विचारलं. रागाने नाही, अगदी सरळ विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या संकुलाचा विषय तिथंच संपला, माझी वीस मिनिटांची पायवाट गेली.

शाळेबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो एक वेगळा भाग होईल. कर्नाटकात शाळांमध्ये कन्नड शिकवण्याचा कायदा २०१५ साली झाला. तेव्हा सातवी-आठवीत बाहेरून आलेल्या मुलाला शाळा कन्नड कुठून सुरू करून देते, वर्गाबरोबरच की मुळाक्षरांपासून, हे प्रत्यक्ष भाषेच्या बाईंना विचारा, ऑफिसातल्या माणसाला नको. आम्ही तीन शाळा बघितल्या आणि तिन्हीकडे वेगळं उत्तर मिळालं. एका बाईंनी मुलीला तिथंच बसवून तिचं नाव कन्नडमध्ये लिहून दाखवलं, आणि ती तो कागद अजून जपून आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी बऱ्याच शाळा मागतात, राज्य बदलतंय म्हणून. ते काम इथूनच करून निघायचं.

सोमवारी रात्री आम्ही मल्लेश्वरमला आलो. मल्लेश्वरम म्हणजे बंगळुरूचं सदाशिव पेठ आणि दादर एकत्र केल्यासारखं काहीतरी. जुनी वस्ती, झाडं, देवळं, आठव्या क्रॉसला बाजार. मंगळवारी मी ऑफिसचं नाटक करायला निघाले आणि आई-मुलगी बाजारात गेल्या. त्यांची हकिकत मला संध्याकाळी कळली, पण आत्ताच सांगते.

आईला गजरा हवा होता. फुलवालीला कन्नड येतं, आईला मराठी. फुलवालीने वेणी हातात घेतली, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत धरली आणि म्हणाली, ‘ओंदु मोळ.’ तिथं फुलं अशी हाताने मोजून विकतात, एक मोळ म्हणजे एक हात. आई म्हणाली, तुझा हात माझ्याहून आखूड आहे, माझ्या हाताने मोज. हे मराठीत म्हणाली, हात पुढे करून. फुलवाली हसली आणि आईच्या हाताने मोजून दिलं. मुलीचं म्हणणं, की आजी पुढे पाऊण तास तिथंच उभी होती, बोलत. काय बोलत होत्या कुणास ठाऊक. पण अक्का, अण्णा, अप्पा हे आपलेही शब्द आणि त्यांचेही. तुपाला ते तुप्पा म्हणतात. बेकु म्हणजे हवं, बेडा म्हणजे नको. आईने संध्याकाळपर्यंत अकरा शब्द वहीत लिहिले होते.

मग त्या काडु मल्लेश्वराच्या देवळात गेल्या. मंडळी, या देवळाशी आपला खरा संबंध आहे. १६३८ नंतर बंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत होतं, हे बहुतेकांना माहीत असतं. त्यांच्यानंतर ते व्यंकोजीराजांकडे आलं, शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ. या देवळाला व्यंकोजींनी १६६९ मध्ये एक गाव इनाम दिलं, त्याचा शिलालेख तिथं आहे. आईला ते कुणीतरी हिंदीत सांगितलं. संध्याकाळी मी दमून आले तर ती म्हणाली, ‘अगं, आपल्या माणसाने गाव दिलंय इथं.’ साडेतीनशे वर्षांपूर्वीचा ‘आपला माणूस’! पण तिला जे वाटायचं ते वाटलं. गांधीनगरात महाराष्ट्र मंडळ आहे, ते मल्लेश्वरमपासून फार लांब नाही, हेही तिने तोपर्यंत शोधून काढलं होतं. म्हणजे आईचं उत्तर ठरलं, मल्लेश्वरम.

आणि माझा मंगळवार? सव्वाआठला निघाले. संपिगे रोड स्टेशनपर्यंत चालत, तिथून हिरव्या लाइनने मॅजेस्टिक, मॅजेस्टिकला उतरून जांभळी लाइन. तो जिना, ती गर्दी, एकदम दादरचीच आठवण. मेट्रो मात्र झकास. चल्लघट्टापासून व्हाइटफील्डपर्यंतची ही जांभळी लाइन ऑक्टोबर २०२३ मध्ये पूर्ण झाली, आणि तिने त्या शहराचा नकाशाच बदलला. तिकीट स्वस्त नाही. २०२५ साली भाडंवाढ झाली तेव्हा सगळ्यात लांबचं तिकीट ६० वरून ९० रुपयांवर गेलं. के. आर. पुरमला उतरले. इथपर्यंत सगळं मिनिटाला मिनिट. पुढे रिंग रोडवर मेट्रोचे खांब उभे होते, गाडी नव्हती. मग बस. पाचशेने सुरू होणाऱ्या नंबरांच्या बस रिंग रोडच्या, हे लक्षात ठेवा. बसमध्ये बायकांना तिकीट लागत नाही असं ऐकलं होतं, तर कंडक्टरने आधार कार्ड मागितलं. जून २०२३ पासून तिथं साध्या सरकारी बसमध्ये बायकांना प्रवास फुकट आहे, पण कर्नाटकातला पत्ता असलेल्या बायकांना. माझ्या आधारवर नाशिक. मी पैसे काढले. शेजारची मुलगी म्हणाली, पत्ता बदलायला टाका लगेच, महिन्याचे बरेच वाचतात. चांगली होती, विदर्भातली निघाली.

ती बस रविवारी पंचवीस मिनिटांत जाणाऱ्या रस्त्यावर पासष्ट मिनिटं होती. ऑफिसच्या गेटला पोचले तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं. म्हणजे पावणेदोन तासांहून जास्त. संध्याकाळी पाऊस आला, परतीला दोन तास वीस मिनिटं. आठवड्यातून तीन दिवस हे करायचं म्हणजे बारा तासांहून जास्त. मी वहीत लिहिलं, खाली रेघ मारली. रात्री मुलीने वही वाचली आणि म्हणाली, ‘म्हणजे तू तीन दिवस आम्हाला दिसणारच नाहीस.’

आता इथं बरेच जण म्हणतील, मग काय, आईला हवं तिथं आई राहील का, का तुला हवं तिथं तू? रात्री आमच्या तिघींत यावर बोलणं झालं. आई एकदम म्हणाली, ‘माझ्यासाठी तू रोज चार तास उभी राहणार असशील तर मला तो गजरा नको.’ आणि त्यागाची ही भाषा मला चालणार नव्हती, तिची नाही आणि माझीही नाही. त्याने सहा महिन्यांत भांडणं होतात. मी म्हटलं, तुला नेमकं काय आवडलं ते सांग, देऊळ सोडून. ती विचार करून म्हणाली, चालत जाता येतं, विकणारं माणूस समोर असतं, आणि बसायला कट्टा आहे. बघा, मल्लेश्वरम हे उत्तर झालं, आणि या तीन गोष्टी म्हणजे प्रश्न. प्रश्न हातात आला की उत्तर दुसरीकडेही शोधता येतं.

बुधवारी आम्ही कस्तुरीनगर बघितलं. हे जांभळ्या लाइनवर, बेन्निगानहळ्ळी स्टेशनच्या अलीकडे-पलीकडे, के. आर. पुरमच्या आधी. दिसायला काही खास नाही. दोन-तीन मजली घरं, मधे एक बाग, बागेच्या कडेला कट्टे, कोपऱ्यावर भाजीची गाडी आणि उभ्याने खायची दर्शिनी. तिथं आईने इडली खाल्ली आणि दोघींत एक कॉफी मागवायला शिकली, ‘बाय टू’ म्हणतात. एक घर आवडलं. पहिला मजला, दोन बेडरूम आणि एक लहान खोली, म्हणजे नवऱ्याचं दार. कावेरीचं पाणी एक दिवसाआड, जोडीला बोअर. मी नळ बघितले, स्वच्छ. तिथून ऑफिसचं अंतर मी लगेच मोजून आले, सकाळची गर्दीची वेळ टळायच्या आत. एक तास पाच मिनिटं. सुखाचं नाही, पण जमेल. आणि आईला मल्लेश्वरम हवं तेव्हा मेट्रो आहे, लिफ्ट आहे, एकदा गाडी बदलायची.

घरमालकीणबाईंनी भाडं ३८ हजार सांगितलं आणि अनामत दहा महिन्यांची. हो, दहा. बंगळुरूची ही जुनी रीत आहे. आपल्याकडे दोन-तीन महिन्यांची सवय, तेव्हा हिशेब आधीच मांडून जा. दहा महिन्यांचे म्हणजे तीन लाख ऐंशी हजार रुपये बिनव्याजी अडकतात. घासाघीस होते, आणि करायचीच. आमचं पाच महिन्यांवर जमलं. घर सोडताना रंगकामाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापून घ्यायची पद्धतही आहे. ते करारात लिहून घ्या, किती आणि किती वर्षं राहिल्यावर.

गाडीचंही एक सांगते. एमएच पंधराची गाडी नेणार असाल तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे बारा महिन्यांहून जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवली की तिथं नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी इथल्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र, आणि तिथं रोड टॅक्स पुन्हा. कर्नाटकात तो चांगलाच लागतो. जुनी गाडी असेल तर विकून जाणं स्वस्त पडेल. आम्ही विकतोय.

तुमच्यातले सगळे काही बंगळुरूला जाणार नाहीत. शहराप्रमाणे प्रश्न बदलतील. दिल्ली-गुरुग्रामला जाणार असाल तर नोव्हेंबरात जा आणि सोबत दमेकरी माणूस असेल तर त्याला घेऊन जा. चेन्नईला मे महिन्यात. आणि कुणी मुंबईला येणार असेल तर त्याला म्हणावं, सकाळी आठला विरारहून लोकलमध्ये चढ आणि अंधेरीला उतरून दाखव, मग पगाराचं बोलू.

काही जण म्हणतील, चार-पाच दिवस, तीन तिकिटं, लॉज, एवढा खर्च कुठे करायचा? आमचा सगळा मिळून एकतीस हजार झाला. एका महिन्याच्या भाड्याहून कमी. चुकीच्या घरातून सहा महिन्यांत बाहेर पडलात तर रंगकाम, पुन्हा दलाली आणि पुन्हा टेम्पो, हे त्याच्या कितीतरी पट होतं. शिवाय नवीन कंपनीला विचारा. बऱ्याच कंपन्या असा एक फेरा देतात, मागितला तर. मी मागितला. त्यांनी दोन रात्रींचं हॉटेल ऑफिसच्या समोरच देऊ केलं. मी सांगितलं, हॉटेल नको, तेवढे पैसे द्या. दिले.

तर नोकरीला मी हो म्हटलंय. १ डिसेंबरपासून रुजू व्हायचंय. मुलगी मात्र वर्ष इथंच पूर्ण करणार, त्यामुळे ती आणि तिचा बाबा एप्रिलमध्ये येतील. पहिले चार महिने आई आणि मी दोघीच. हे जरा कठीण जाणार आहे. मुलगी तोंडाने काही म्हणत नाही, पण कॅलेंडरवर रविवार मोजत असते. त्यावर माझ्याकडे अजून काही तोडगा नाही, महिन्यातून एकदा येणं सोडून. आणि ती गाडी किती वेळ घेते ते आता तिलाही माहीत आहे.

एक मदत हवी आहे. कस्तुरीनगर, इंदिरानगर, सी. व्ही. रामन नगर या बाजूला राहणारे कुणी मराठी श्रोते असतील तर कळवा. आठवीच्या मुलीला मुळाक्षरांपासून कन्नड शिकवणाऱ्या बाई हव्या आहेत, ऑनलाइन चालेल, आत्तापासूनच सुरू करायचंय. आणि त्या भागात बायकांचं भजनी मंडळ असेल तर तेही. कन्नड असलं तरी चालेल, असं आई म्हणते, टाळ तर तेच.

पुढचा भाग पंधरा दिवसांनी, सामान बांधण्याच्या धांदलीत जमला तर. नमस्कार.